लडाखच्या थंड वाळवंटात पक्षी-वनस्पती निरीक्षण: कोल्हापूरहून जाताना काय तयारी?

गडवाट: मंडळी, जूनमध्ये सहा जण लडाखला निघालोय. लेहला उतरून थेट त्सो कार सरोवर, एकूण आठ दिवस. 8x42 दुर्बिणी आणि 20-60 पट झूमचा स्कोप (ट्रायपॉडवर लावायची लांब पल्ल्याची दुर्बीण) आहे. पन्हाळ्याची चढाई रोज चालू आहे. अजून काय लागेल?

रंकाळाकाठ: आधी ते ‘थेट’ काढा. कोल्हापूर साधारण 570 मीटरवर, लेह 3,500, त्सो कार 4,500 च्या वर. पन्हाळा चढून दम वाढेल, पण विरळ हवेची सवय होणार नाही. लेहला तीन रात्री काढा, पहिले दोन दिवस चढ नकोच. मग 4,000 च्या आसपास, रुंबाक गावात दोन रात्री. डोकं दुखून मळमळत असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला तर त्याच क्षणी खाली उतरवा.

लेहचे दिवस वाया जात नाहीत. शे गावाजवळ सिंधूच्या गोट्यांत आयबिसबिल हा पक्षी शोधा. राखाडी अंग दगडांत हरवतं, म्हणून खाली वळलेली लाल चोच बघा.

स्कोपचं काम पहाटेच. ऊन चढलं की हवा थरथरते आणि 60 पट झूमवर पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. 25-30 वर थांबा. ट्रायपॉडला बॅग अडकवलीत तर ती जमिनीला टेकू द्या, लोंबती बॅग वाऱ्यात उलट जास्त हलवते.

त्सो कारला काळ्या मानेचे क्रौंच घरट्यावर असतात. ओल्या कुरणात अजिबात उतरू नका. पक्षी उठला की अंडी गारठतात आणि भटकी कुत्री टपलेलीच असतात.

सडेवाला: वनस्पतींसाठी 10x भिंग घ्या. नदीकाठी सी-बकथॉर्न आणि मिरिकॅरिया या दोन झुडपांत गल्लत होते. पहिल्याला काटे, पानाखाली चंदेरी खवले. दुसरीला काटे नाहीत, पानं बारीक, फुलं गुलाबी. जूनमध्ये पिकलेली फळं मिळणार नाहीत, त्यामुळे पानावरच ओळखा. प्रत्येक झाडाचे चार फोटो: अख्खं झाड, पानाची खालची बाजू, फूल बाजूने, आणि पट्टी ठेवून भोवतालची जमीन. उतार कुठल्या दिशेला आहे तेही लिहा. तोडू नका. उंचावर दगडावर शेवाळ साचल्यासारखी गादी दिसली तर पाय ठेवू नका, ते फार सावकाश वाढणारं झाड असतं.

गडवाट: उंची फोनवरची लिहिली तर चालेल का?

सडेवाला: जीपीएसची चालेल, पण दोन मिनिटं स्थिर थांबून. हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं घड्याळ असेल तर रोज सकाळी माहीत असलेल्या उंचीवर लावून घ्या; हवामान बदललं की आकडा सरकतो.