मदत हवी आहे : आईची मान आखडली, तीन चिठ्ठ्यांच्या गोळ्या आणि रात्रीची चक्कर

नमस्कार मंडळी,

आईबद्दल विचारायचंय. वय ६४, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० गेली सहा वर्षं चालू, शुगर नाही. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, मी सांगलीत असते. यंदा विरळणीला बायका मिळाल्या नाहीत, म्हणून आई दहा दिवस सलग मांडवाखाली उभी होती. हे काम केलेल्यांना सांगायला नको. मान मागे टाकायची, दोन्ही हात वर, आणि घडातले मणी कात्रीनं एकेक काढायचे. अकराव्या दिवशी सकाळी मान अशी धरली की बशी उचलायलाही ती अख्खी वळत होती.

गावातल्या डॉक्टरांनी ॲसेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि क्लोरझोक्साझोन एकत्र असलेली गोळी दिली, दोन वेळा. ठणका कमी झाला, मान सुटली नाही. मग सांगलीत हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. हाताला मुंग्या नाहीत, ताकद ठीक, एक्स-रेत वयाप्रमाणे झीज. त्यांनी रात्री स्नायू सैल करणारी टिझानिडिन २ मिग्रॅ लिहून दिली. आधीची गोळी बंद करायची की नाही, हे चिठ्ठीवर नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. आई दोन्ही घेत राहिली. चार दिवसांनी तिला उन्हाळी लागली, तर गावातच सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० हे अँटिबायोटिक दोन वेळा सुरू झालं.

काल पहाटे तीनला ती बाथरूमला उठली आणि दार धरून खाली बसली. डोक्याला लागलं नाही, ढोपर खरचटलं. वहिनी धावली तेव्हा डोळे उघडे होते, पण उत्तर द्यायला वेळ लागत होता, जीभ कोरडी, बोलणं जड. घरच्या मशीनवर बीपी ८८/५४. सकाळी दहापर्यंत झोपून होती. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. मी जन्मात आईला सहानंतर झोपलेली पाहिली नाही.

हे गोळ्यांमुळे असेल का? टिझानिडिन एकदम बंद केली तर चालते का? आणि शेजारच्या काकूंनी त्यांची उरलेली थायोकोल्चिकोसाइड ८ ची पट्टी आणून दिलीय, "ही जास्त चांगली" म्हणून. वहिनीनं कंबरेसाठी त्यातली एक घेतलीसुद्धा. या सगळ्या गोळ्या एकच आहेत की वेगळ्या?

प्रतिसाद

ताई, आधी आजच आईंना डॉक्टरांकडे न्या. बोलणं जड झालं होतं, तेव्हा पक्षाघात नाही ना, हे तपासूनच घ्यायला हवं. ते गोळ्यांवर ढकलून घरी थांबू नका.

मी साताऱ्यात बरीच वर्षं मेडिकल चालवतो. तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते टिझानिडिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन. या दोन गोळ्या एकत्र द्यायच्याच नसतात. यकृतातलं जे एन्झाइम टिझानिडिन मोडतं, त्यालाच सिप्रोफ्लॉक्सासिन अडवतं. रक्तातलं टिझानिडिनचं प्रमाण त्यामुळे दहापटीच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे २ मिग्रॅची एक गोळी घेऊन अंगात कितीतरी गोळ्यांचा परिणाम. टिझानिडिन मुळात बीपी उतरवतेच, ती क्लोनिडिन या बीपीच्या औषधाच्या जातकुळीतली आहे. त्यात टेल्मिसार्टन. कोरडी जीभ, गुंगी, उठताना चक्कर, सगळं जुळतंय. पुढचा डोस देण्याआधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. एकदम बंद करण्याची भीती असते ती मोठे डोस अनेक आठवडे घेतलेल्यांना, त्यांचं बीपी उलट उसळतं. चार-पाच दिवस रात्री एक घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तरी डॉक्टरांच्या तोंडूनच ऐका.

सगळ्या एकच का? नाही. पण यातल्या स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या, म्हणजे क्लोरझोक्साझोन, टिझानिडिन आणि थायोकोल्चिकोसाइड, थेट मानेच्या स्नायूवर जाऊन बसत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जूकडून स्नायूला जो "आवळ" असा निरोप जातो, तो त्या मंद करतात. म्हणून झोप येते, आणि म्हणूनच साठीपुढच्या माणसाला दोन-दोन एकत्र देणं धोक्याचं. क्लोरझोक्साझोननं क्वचित यकृताला गंभीर इजा होते. डोळे किंवा लघवी पिवळीजर्द झाली, अन्नावरची वासना उडाली तर थांबायचं नाही. आणि त्या गोळीतलं ॲसेक्लोफेनॅक बीपीच्या गोळीसोबत मूत्रपिंडावर ताण देतं, तेही सांगा.

काकूंची पट्टी परत करा. थायोकोल्चिकोसाइडवर युरोपीय औषध संस्थेनं २०१३ साली बंधनं घातली : तोंडानं घ्यायची तर ८ मिग्रॅ दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त सात दिवस, आणि गरोदरपणात अजिबात नाही, कारण तिच्यापासून शरीरात बनणारा एक घटक पेशींमधल्या गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो. वहिनींना दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर त्यांनीही डॉक्टरांना सांगावं.

प्रतिसाद

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांत एकदम बंद करू नये ती बॅक्लोफेन. बाबांना पक्षाघातानंतर चालू होती. गावी जाताना गोळ्या विसरल्या, तिसऱ्या दिवशी भास आणि झटके. तुमच्या घरात ती नाही ना, एवढं बघा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बॅक्लोफेन नाही, डबा उपडा करून पाहिला. दुपारीच आईला सांगलीत नेलं, या वेळी सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून. डॉक्टरांनी टेबलावर ओळीनं मांडल्या आणि सिप्रोफ्लॉक्सासिनवर बोट ठेवलं. पक्षाघाताची लक्षणं नाहीत. टिझानिडिन आणि ती एकत्रवाली गोळी दोन्ही बंद, लघवीची तपासणी करून अँटिबायोटिक बदललं, दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, गरम पाण्याची पिशवी आणि फिजिओथेरपी. बीपी बसून ११८/७४, उभं राहून १०४/६८. तीन दिवस दोन्ही मोजून लिहायला सांगितलंय. वहिनीनं घरीच तपासणी केली, दिवस गेलेले नाहीत. तरी काकूंची पट्टी परत दिली.

आता एकच विचारते. विरळणी अजून आठवडाभर आहे आणि आई ऐकणाऱ्यातली नाही. मांडवाखाली मान फार मागे टाकावी लागू नये म्हणून कुणी पाट, घडवंची, असं काही उंचीला घेऊन काम केलंय का? पडण्याची भीती आहेच, पण काय उंची ठेवली आणि पाय कसे टेकवले, ते लिहा.