फ्रिज म्हणजे कपाट नव्हे! काय आत, काय बाहेर?

फडताळ:
रविवारी फ्रिज पुसायला काढला. १९० लिटरचा, एकदारी. आतून जे निघालं ते असं: अर्धी लिंबं चार (त्यातली दोन खडखडीत वाळलेली), इडलीचं पीठ तळाला दोन बोटं, वरून काळपट झालेली कणिक, लोणच्याच्या तीन बरण्या, थिजून साखर झालेला मध, रव्याची पिशवी, टोमॅटो, बटाटे, लसूण, चार केळी. शिवाय स्टीलचे सात डबे. कुठला डबा कुठल्या वारचा, कुणालाच माहीत नाही. सहा उघडले. सातव्याचं झाकण जरा किलकिलं केलं आणि तो तसाच कचऱ्यात दिला.

एवढ्या सगळ्या गर्दीत दुधाच्या पातेल्याला जागा नव्हती, म्हणून दूध बाटलीत भरून दारात. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त थंडावा हवा ते सगळ्यात गरम कोपऱ्यात, आणि मध मात्र आत आरामात!

आजीकडे दुभत्याचं कपाट होतं, जाळीच्या दारांचं. त्यात दूध, साय, दही, लोणी, संपलं. कांदे-बटाटे टोपलीत, लोणचं चिनी मातीच्या बरणीत दादरा बांधून. गोदरेजने १९५८ साली फ्रिज बनवायला सुरुवात केली, पण आमच्या घरी तो आला पुष्कळ उशिरा, आणि आल्यापासून त्याचं फडताळ झालंय.

माझं म्हणणं सोपं आहे. आत ठेवायचं ते दूध-दुभतं, पालेभाज्या, मासे-मटण, खवलेला नारळ, आंबवलेलं पीठ. बाकी सगळं बाहेर. आणि शिजवलेलं अन्न मुळात उरवायचंच नाही. घरी हे बोललो तेव्हापासून अबोला आहे. तुमच्याकडे काय नियम?

वऱ्हाडी ठेचा:
तुमचा नियम पुण्यात जानेवारीत चालेल. मे महिन्यात नागपुरात या. बाहेर ४५, स्वयंपाकघरात ओट्याजवळ त्याहून बरं नाही. सकाळी आणलेला टोमॅटो संध्याकाळी म्हाताऱ्यासारखा दिसतो. आजीच्या काळी टोपलीत राहायचं, कारण दोन दिवसांचंच आणायचे आणि घर मातीचं होतं. आमचा तिसरा मजला, वर गच्ची. टोपली ठेवू कुठं?

आणि "उरवायचंच नाही" म्हणणारा माणूस घरी स्वयंपाक करत नसतो, पैज लावते.

फडताळ:
शनिवार-रविवार मीच करतो.

वऱ्हाडी ठेचा:
त्याला स्वयंपाक नाही म्हणत, कार्यक्रम म्हणतात.

सूक्ष्मदर्शी:
मायक्रोबायॉलॉजी शिकवतो, म्हणून थोडं लांबण लागेल.

धागाकर्त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. पदार्थाची चव बिघडणं वेगळं आणि तो खाऊन माणूस आजारी पडणं वेगळं. टोमॅटो, केळी, ब्रेड, मध हे सगळे पहिल्या गटातले. केळं साधारण १३ अंशांच्या खाली गेलं की साल काळी पडते, तो थंडीचा मार असतो. टोमॅटोचंही तसंच. थंडीत त्याचा वास तयार व्हायचा थांबतो, म्हणून फ्रिजमधल्या टोमॅटोची कोशिंबीर पाणचट लागते. ब्रेडमधला स्टार्च फ्रिजच्या तापमानाला भराभर घट्ट होतो आणि ब्रेड चिवट होतो. मध थिजला तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, त्याला काही झालेलं नाही. इथवर मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. नागपूरकर ताईंनी मात्र पूर्ण पिकलेले टोमॅटो खुशाल आत ठेवावेत, चिरायच्या तासभर आधी बाहेर काढावेत.

दुसरा गट शिजवलेल्या अन्नाचा, आणि तिथे "बाहेर" हे उत्तर चालत नाही. ५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता टापू. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त त्यात राहू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे.

यातला खरा गुन्हेगार भात. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. रात्री पातेल्यात तसाच राहिलेला भात त्यांना आयताच मिळतो. ते जे विष तयार करतात ते उष्णतेला दाद देत नाही, फोडणी कितीही खमंग द्या. आणि भाताला वास येईलच असं नाही. आपण सगळे नाकावर भरवसा ठेवतो, तो इथे उपयोगाचा नाही.

पाटावरवंटा:
काहीतरीच! आमच्याकडे रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, तीन पिढ्या. भात मुद्दाम जास्त लावायचा, कारण फोडणीच्या भाताला ताजा भात चालतच नाही, गिच्च होतो. कुणालाही काही झालेलं नाही.

सूक्ष्मदर्शी:
फोडणीचा भात करू नका असं म्हणालो नाही हो, मीही खातो. रात्री जेवणं झाली की भात ताटात पसरा, वाफ गेली की डब्यात भरून आत. सकाळी चांगला मोकळा होतो, तुमचीच रेसिपी सुधारेल.

करवंद:
पाटावरवंटा, मीही असंच म्हणायचे. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये नणंदेकडे वास्तुशांत होती. दुपारचा उरलेला मसालेभात मोठ्या टोपात झाकून ठेवला, रात्री गरम करून आम्ही घरचे नऊ जण जेवलो. अकराच्या सुमारास पहिली उलटी सासऱ्यांना, मग एकेक करत सात जण. घरात एकच बाथरूम. भाताला ना वास होता ना तार सुटली होती, उलट मुरून जास्तच चांगला लागत होता! तो टोप रात्रीसुद्धा मध्यभागी कोमट होता, हे मला नंतर आठवलं.

त्यामुळे शिजवलेलं आत, यावर माझ्यापुरती चर्चा संपली. पण एक विचारते, गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज बिघडतो ना?

सूक्ष्मदर्शी:
बिघडत नाही, कॉम्प्रेसर जास्त चालतो एवढंच. पण उकळतं पातेलं ठेवलं तर शेजारचं दूधही कोमट होईल. उथळ भांड्यांत वाटून, हाताला सोसेल इतकं निवलं की ठेवा. मोठा टोप तसाच ठेवलात तर तो आतून निवायला रात्र घेतो, मग फ्रिजमध्ये असून नसल्यासारखा.

काळी माती:
तुमची शास्त्रं बरोबर असतील. आमच्याकडं बीड जिल्ह्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गार राहतो म्हणतात, पण घरात लहान पोरं आहेत, दार उघडायचं राहतं का? उन्हाळ्यात कित्येकदा आतलं दूध फाटलंय. त्यामुळं आमची आई फ्रिज असून नसल्यासारखीच वागते. दूध दोनदा तापवायचं, भाजी वेळेपुरती, भाकरी उरली तर वाळवून सकाळी कुस्करा. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि पाहुण्यांसाठी कोल्ड्रिंक. फडताळ यांचं मला पटतं, पण त्यांच्यासारखी हौस म्हणून नाही.

पाटावरवंटा:
लोणच्याबद्दल कुणी बोलेना. लोणचं फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे लोणच्याचा अपमान. तेल थिजतं, फोडी मुकाट होतात.

करवंद:
अपमान मान्य, पण तुमच्या आजीचं मीठ आठवा. हल्ली घरात एकाला तरी बीपी असतं, म्हणून मीठ अर्धं, तेलही कमी. मग ते लोणचं नुसतं नावाला. ते बाहेर टिकणार कसं? फोडींवर बोटभर तेल असेल, मीठ रीतसर असेल आणि बरणीत ओला चमचा जात नसेल, तर बाहेर वर्षभर. यातलं एक जरी नसेल तर बरणी आत. आमच्या चिपळूणला पावसाळ्यात तर पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे कमी तेलाच्या लोणच्यावर आठवड्यात पांढरी बुरशी.

रव्यालाही हसू नका. जूनमध्ये रवा बाहेर ठेवून बघा, आषाढात त्याला जाळी आणि अळ्या. मी आणल्या आणल्या चार दिवस फ्रीझरमध्ये टाकते, मग भाजून घट्ट डब्यात. बेसनही तसंच. जागा असेल तर आतच.

ह्यूस्टनची माई:
अंड्यांचं राहिलं. इथे अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, त्यामुळे कवचावरचं नैसर्गिक आवरण निघून जातं आणि ती फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. पुण्यात आईकडे गेले की कोपऱ्यावरच्या दुकानात ट्रे उन्हात बघून जीव दडपायचा. आई म्हणायची, आमची अंडी न धुतलेली, तुझ्यासारखी नाजूक नाहीत. तिचं अर्धं बरोबर होतं. पण एकदा आत गेलेली अंडी बाहेर काढून ठेवू नयेत, दमट हवेत कवचावर पाणी सुटतं आणि त्याबरोबर जंतू आत शिरू शकतात.

वऱ्हाडी ठेचा:
कणकेचं बोला. व्हॉट्सअपवर दर महिन्याला येतं, मळलेली कणिक फ्रिजमध्ये ठेवली की ती पिंडासारखी, घरात भुतं येतात. आमच्याकडे सहा वर्षं येतायत भुतं, पोळ्या मात्र लाटत नाहीत.

सूक्ष्मदर्शी:
भुतं नाहीत, गव्हातली विकरं आहेत. हवा लागली की कणिक काळपट पडते, कापलेलं वांगं पडतं तशीच. वरून तेलाचा हात फिरवा, घट्ट डब्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतोच.

बटाटे मात्र वादाचे आहेत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तळले की लवकर काळे होतात आणि अ‍ॅक्रिलामाइड नावाचं घातक मानलं जाणारं रसायन जास्त तयार होतं. म्हणून बाहेर ठेवा असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. पण ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०२३ साली आपला सल्ला बदलला आणि बटाटे घरी फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही म्हटलं. मी अजून टोपलीतच ठेवतो, कांद्यापासून लांब. सवय.

आणि लसूण. अख्खा गड्डा बाहेर. पण सोलून तेलात बुडवून ठेवायची जी नवी फॅशन आहे, ती बरणी ओट्यावर अजिबात नको. तेलाखाली हवा नसते, तिथे बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. तेल म्हणजे लोणचं, असं डोक्यात बसलंय आपल्या. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, इथे दोन्ही नाही.

पाटावरवंटा:
बाई गं. माझी बरणी ओट्यावरच आहे. आलेच.

फडताळ:
सगळ्यांचे आभार. भाताबद्दल शरण आलो, करवंद यांचा मसालेभात विसरणार नाही. रवा, कमी मिठाचं लोणचं, नागपूरचे टोमॅटो यांना सवलत. पुण्यातले टोमॅटो आणि केळी बाहेरच, यावर ठाम आहे. कणकेचा मुद्दा मागे घेतो, कारण घरातून प्रश्न आला की मग रोज सातला कणिक कोण मळणार. डब्यांवर वार लिहिलेली चिकटपट्टी लावायची, हे काम माझ्याकडे आलंय.

वऱ्हाडी ठेचा:
थांबा जरा. सातवा डबा कचऱ्यात दिला म्हणता. आतलं टाकून डबा धुतला ना?

फडताळ:
नाही. सकट.

वऱ्हाडी ठेचा:
स्टीलचा?

फडताळ:
हो. झाकणावर सासूबाईंचं नाव घातलेलं होतं, हे मला मंगळवारी कळलं. अबोला त्याचा आहे, फ्रिजचा नाही.