नायिका नावापुरती नको, खेळात हवी: कोणते गेम सुचवाल?

गोदाकाठ

माझी भाची यंदा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली असून सुट्टीत तिला कॉम्प्युटरवर गेम खेळायचे आहेत. तिच्या थोरल्या भावाने आजवर जे गेम घरात आणले, त्यांतल्या बहुतेकांत एक दाढीवाला, वैतागलेला पुरुष बंदूक घेऊन कोणाचा तरी सूड उगवत हिंडत असतो. बायका असतात त्या पळवून नेलेल्या, मारल्या गेलेल्या किंवा कानात सूचना देणाऱ्या. परवा तिने मला सरळच विचारले, "मावशी, बाईच मुख्य असलेला एखादा चांगला गेम नाहीच का?"

याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. परंतु सुरुवातीला पुरुष किंवा बाई निवडायला सांगणारे आणि पुढे दोघांनाही तीच वाक्ये देणारे गेमही त्या याद्यांत घुसडलेले असतात, आणि नायिकेचा पोशाख बघणाऱ्यांच्या सोयीने बेतलेला आहे असे गेमही असतात. म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारते. नायिका असल्यामुळे प्रत्यक्ष खेळण्यात काही फरक पडतो का, की केवळ चेहरा बदलतो? आणि सोळा वर्षांच्या मुलीला, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर, यांपैकी काय देता येईल?

अवलोकन

फरक पडतो, पण दरवेळी नाही. नायिका कशी दिसते याच्या आधी मी हे पाहतो, की ती खेळणाऱ्याच्या बोटांना काय करायला लावते.

१९८२ च्या 'मिस पॅक-मॅन'मध्ये त्याच पिवळ्या गोलाला रिबन आणि लिपस्टिक लावली होती. खेळ उत्तम होता, पण आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध तेवढ्यापुरताच. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या निंटेंडोच्या 'मेट्रॉइड'चे प्रकरण अधिक गमतीचे आहे. त्यातली सॅमस अरान खेळभर चिलखतात वावरते, अमेरिकेत विकलेल्या प्रतींबरोबरच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख पुल्लिंगी केलेला होता, आणि खेळ पुरेशा कमी वेळात संपवला तरच शेवटच्या पडद्यावर ती शिरस्त्राण किंवा चिलखत उतरवते व आत बाई होती हे कळते. या धक्क्याचे कौतुक आजही होते आणि ते रास्तही आहे. परंतु त्यात एक गोम आहे, ती अशी की खेळ जितका लवकर संपवाल तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी होतात. म्हणजे नायिका ही चपळ खेळाडूला मिळणारी बक्षिसी झाली; एरवी त्या गुहांमधून गोळा होऊन घरंगळताना किंवा क्षेपणास्त्रे सोडताना ती कोण आहे याने काहीच बिघडत नाही.

इंग्लंडमधील डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या स्टुडिओने १९९६ मध्ये काढलेल्या 'टूम रेडर'बद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण लारा क्रॉफ्टविषयी बहुतेकांना जे ठाऊक असते ते जाहिरातींमधून आलेले असते, गेममधून नव्हे. टोबी गार्ड याने घडवलेली ही नायिका त्या गेममध्ये जवळजवळ पूर्णवेळ एकटी असते, फार कमी बोलते, आणि पेरूपासून इजिप्तपर्यंतच्या भग्न वास्तूंमध्ये तिचे मुख्य काम असते अंतर मोजणे. त्या सगळ्या वास्तू सारख्या मापाच्या चौकोनी ठोकळ्यांवर उभारलेल्या आहेत. जागेवरून घेतलेली उडी एका ठोकळ्याची दरी पार करते आणि धावत घेतलेली दोनांची. दरी तीन ठोकळ्यांची असेल, तर धावत उडी मारून हवेत असतानाच पकडीचे बटण दाबून समोरच्या काठाला लोंबकळावे लागते. म्हणून खेळाडू आधी चालण्याचे बटण दाबून लाराला काठापर्यंत नेतो (ते बटण दाबलेले असताना ती खाली पडत नाही), एक पाऊल मागे उडी घेतो, आणि मग धावतो. हे शंभर वेळा केल्यावर तिचा सावधपणा आपल्या हातात उतरतो. काठावर लोंबकळताना तेच बटण दाबून धरले, तर ती नुसती वर न चढता हातांवर उलटी उभी राहून सावकाश पाय खाली आणते. खेळाच्या दृष्टीने याचा काडीचाही उपयोग नाही, पण आपल्या अंगमेहनतीवर खूश असलेल्या बाईचे इतके नेमके चित्र मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसलेले नाही. बाहेर तिची जी पोस्टरे लागली, त्यांच्याशी या बाईचा फारसा संबंध नाही.

तिसऱ्या भागाची, म्हणजे १९९८ च्या गेमची, सुरुवात भारतात होते. तिथली माकडे तुमची औषधपेटी पळवतात आणि सहा हातांच्या मूर्ती तलवारी परजत अंगावर येतात. पहिल्या तीन भागांची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये आली, तेव्हा त्यात वांशिक साचेबद्ध चित्रणाविषयी एक सूचना घालावी लागली, आणि ती योग्यच होती.

२०१३ मध्ये रिआना प्रॅचेट यांच्या लेखनासह लाराची नव्याने सुरुवात केली गेली. कपडे शहाणे झाले, धनुष्य आले, मैत्रिणीला सोडवण्याचे कथानक आले. तरीही मला तो गेम पूर्ण पटत नाही. नायिका कणखर आहे हे दाखवण्यासाठी तिला इतके आपटले, भोसकले आणि रक्तबंबाळ केले आहे, की ती पडली की पाहवत नाही. युरोपात त्याला १८ वर्षांवरील वयाचा शिक्का आहे. भाचीला तूर्त देऊ नये.

रेषा

अवलोकन यांच्या कसोटीशी मी सहमत आहे, म्हणून त्याच कसोटीवर उतरणारे आणि तुमच्या लॅपटॉपवर चालणारे गेम सांगते.

पहिला 'सेलेस्ट', २०१८ चा. मॅडलिन नावाची मुलगी एक पर्वत चढायला निघते, एवढीच कथा. उडी मारणे, कड्याला धरून चढणे आणि हवेतल्या हवेत एकदा झेप घेणे, एवढ्याच तिच्या क्रिया आहेत. ती एका खोलीत दहा-वीसदा पडते आणि क्षणात पुन्हा तिथेच उभी राहते. मॅडलिनला अस्वस्थतेचे झटके येतात. एका प्रसंगी दोरावरचा पाळणा मध्येच अडकतो, तिचा श्वास कोंडतो, आणि सोबतचा थिओ तिला डोळ्यांसमोर एक पीस आणायला सांगतो. त्या वेळी बटण दाबून आणि सोडून ते पीस एका चौकटीत तरंगते ठेवायचे असते, आणि हे करताना खेळणाऱ्याचाच श्वास संथ होतो. दहावीचे वर्ष नुकतेच काढलेल्या मुलीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गेम कठीण आहे, पण त्यात साहाय्याची सोय आहे: वेग कमी करता येतो, दमसास अमर्याद करता येतो. ती सोय वापरण्यात कमीपणा मानू नये, असे तिला आवर्जून सांगा.

दुसरा 'पोर्टल', २००७ चा. जुन्यापुराण्या लॅपटॉपवरही तो चालतो. चेल ही नायिका एका शब्दानेही बोलत नाही, आणि ती दिसते तीही आपणच भिंतींत उघडलेल्या दारांमधून स्वतःकडे पाहिले तरच. तिचा छळ मांडणारी यंत्रणाही बाईच्याच आवाजात गोड गोड टोमणे मारते. कोडी अस्सल आहेत, गोळीबार करायचा नाही, आणि दोन-तीन संध्याकाळींत खेळ संपतो.

तिसरा 'वेण्बा', टोरोंटोतल्या एका छोट्या स्टुडिओने २०२३ मध्ये काढलेला, ज्याला पुढच्या वर्षी बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचे पदार्पणाचे पारितोषिक मिळाले. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेली एक तमिळ बाई, तिचा नवरा आणि पुढे त्यांचा मुलगा, असे हे घर आहे. आईकडून आलेल्या पाककृतींच्या वहीतली अक्षरे पुसट झाली आहेत, पाने फाटली आहेत, आणि उरलेल्या चित्रांवरून कृती जुळवायची आहे. इडलीपात्राच्या थाळ्या एकावर एक चुकीच्या रचल्या, तर वाफ वर पोचत नाही, हे आपल्या घरातल्या मुलीला चटकन कळेल. मला मात्र त्यातली आई अधिक भावली. मुलगा तिच्या भाषेपासून आणि डब्यापासून दूर जातो, आणि ती काही न बोलता स्वयंपाक करत राहते. नायिका म्हणजे तलवार हाती घेतलेलीच असायला हवी असे नाही.

चौथा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो आपल्या पुण्यातला आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 'राजी' २०२० मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील खेळांच्या नामांकनांत होता. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. रक्षाबंधनाच्या सुमाराला असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधात निघते; म्हणजे पळवून नेले जाणे या वेळी भावाच्या वाट्याला आले आहे. खांबाला धरून गिरकी घेत मारलेला फटका किंवा भिंतीवर चार पावले धावून घेतलेली उलटी झेप, या सगळ्यांतून तिची सर्कस लढाईत उतरते. राजस्थानी वाडे आणि छायाबाहुल्यांमधून सांगितलेली कथा डोळ्यांना सुखावते. दोषही आहेत: कॅमेरा आपल्या हातात नसल्याने काही उड्यांचा अंदाज चुकतो, आणि शेवट इतका अचानक येतो की पुढचा भाग डाउनलोड व्हायचा राहिला की काय असे वाटते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आहेत. याला मात्र ग्राफिक्स कार्ड असलेले बरे.

चौथीखिडकी

निवडीच्या गेमना तुम्ही सरसकट बाद करता आहात, ते मला अन्यायाचे वाटते. 'मास इफेक्ट' या त्रयीत कमांडर शेपर्ड पुरुष की स्त्री हे खेळाडू ठरवतो, आणि दोघांची वाक्ये बहुतांशी सारखीच आहेत, हे खरे. परंतु जेनिफर हेल यांच्या आवाजातील शेपर्ड ज्यांनी खेळली, त्यांच्या लेखी तीच खरी शेपर्ड आहे. लेखकांनी बाईसाठी वेगळी मवाळ वाक्ये लिहिली नाहीत, म्हणूनच एक स्त्री अधिकारी कोणतेही स्पष्टीकरण न देता हुकूम सोडताना दिसते. स्टुडिओने २०११ मध्ये सांगितले होते त्यानुसार केवळ १८ टक्के खेळाडू स्त्री शेपर्ड निवडत. २०२१ च्या एकत्रित आवृत्तीनंतर जाहीर झालेला आकडा ३२ टक्के होता. पहिल्या दोन भागांच्या वेळी वेष्टनावर आणि जाहिरातींत पुरुषच होता, हे हा आकडा वाचताना विसरू नये.

मूळ अडचण पैसे लावणाऱ्यांची आहे. पॅरिसच्या डोंटनॉड स्टुडिओने 'रिमेंबर मी' तयार करताना काही प्रकाशकांनी नायिका आहे म्हणून तो नाकारला, आणि 'लाइफ इज स्ट्रेंज'च्या वेळीही एक प्रकाशक सोडला तर बाकीच्यांनी मॅक्स या नायिकेला मुलगा करा असे सुचवले, हे त्यांनीच सांगितले आहे. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'मध्ये कॅसँड्रा ही एकटीच मुख्य पात्र असावी असा मूळ विचार होता आणि वरून आलेल्या दबावामुळे भावाचा पर्याय जोडला गेला, अशी बातमी २०२० मध्ये आली. त्यामुळे 'निवडीची सोय' ही कित्येकदा नायिकेला आत घेण्यासाठी उघडलेली मागची वाट असते. त्या वाटेने आलेल्या बाईला याद्यांतून काढून टाकू नये.

अवलोकन

चौथीखिडकी, दबावाबद्दलचे तुमचे म्हणणे मान्य आहे, आणि शेपर्डविषयीही मी वाद घालणार नाही. माझा आक्षेप ओडिसीसारख्या गेमना आहे. तिथे कॅसँड्रा प्राचीन स्पार्टात जन्मलेली भाडोत्री योद्धा आहे, ती ऑलिंपिक स्पर्धेतही उतरते, आणि त्या समाजात बाईने हे केले म्हणून जो गदारोळ व्हायला हवा तो जवळपास होतच नाही, कारण तीच दृश्ये भावालाही पुरवायची आहेत. पर्याय जोडण्याची किंमत अशी लेखनाला मोजावी लागते.

सह्यवासी

घरात कोणाकडे प्लेस्टेशन किंवा बऱ्यापैकी ताकदीचा कॉम्प्युटर असेल, तर 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' सुचवतो. २०१७ चा हा गेम आपल्या पश्चिम घाटात घडतो, कर्नाटकाच्या बाजूला. क्लोई फ्रेझर ही नायिका अर्धी भारतीय, तिचे वडील भारतीय. सोबत नादीन रॉस ही दक्षिण आफ्रिकेची. होयसळ राजांकडे असलेला गणपतीचा सुळा शोधण्यासाठी दोघी जीप घेऊन चिखलातून आणि धबधब्यांखालून हिंडतात, आणि परशुरामाच्या परशूने गणपतीचा दात कसा तुटला ही कथा क्लोई नादीनला सांगते. चिपळूणच्या परशुरामाच्या घाटाखाली वाढलेल्या माणसाला हे ऐकताना कसे वाटले असेल याची कल्पना करा.

त्यातल्या वास्तूंवर मात्र विश्वास ठेवू नये. होयसळांची बेलूर आणि हळेबीड येथील खरी मंदिरे मऊ दगडात कोरलेली, तारेच्या आकाराच्या जोत्यावरची, बेताच्या उंचीची आहेत. त्यांचे सगळे वैभव जवळ जाऊन पाहायच्या बारीक कोरीवकामात आहे. (सोमनाथपूरसह ती २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत आली.) गेममध्ये त्यांच्या जागी डोंगराएवढे पुतळे आणि चाकांवर फिरणारी यंत्रे आहेत. याचा मला राग आला, आणि तरीही मी गेम पूर्ण केला, तो त्या दोघींच्या संभाषणासाठी. त्या एकमेकींवर संशय घेतात, भांडतात, दगडांखाली अडकलेल्या हत्तीला सोडवून त्याच्या पाठीवरून जातात, आणि हे सगळे कोणा पुरुषाविषयी नसते. पुढे एक पुरुष येतो, पण तो कटकट्या सोबती म्हणून.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. 'सेलेस्ट' आणि 'वेण्बा' आजच घेते. 'राजी' माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरवर चालेल, निदान त्या निमित्ताने तो तरी खेळेल. एकच शंका: 'हेलब्लेड'चे नाव सगळीकडे वाचते आहे. तो या वयाला चालेल का?

रेषा

आत्ता नको. केंब्रिजच्या निंजा थिअरी स्टुडिओने २०१७ मध्ये केलेला तो फार मोलाचा गेम आहे. त्याची नायिका सेनुआ हिला ऐकू येणारे आवाज दोन्ही कानांभोवती फिरत राहतील अशा रीतीने ध्वनिमुद्रित केले आहेत. मनोविकारतज्ज्ञ आणि स्वतः असे अनुभव घेतलेले लोक यांचा सल्ला घेऊन तो घडवला आहे, आणि मेलिना युर्गेन्स, ज्या मूळच्या त्या स्टुडिओतल्या व्हिडिओ संकलक, त्यांना सेनुआच्या भूमिकेसाठी बाफ्टा मिळाला. परंतु त्याला १८ वर्षांचा शिक्का आहे, तो हेडफोन लावूनच खेळायचा असतो, आणि ते आवाज खेळणाऱ्यालाच हिणवतात, घाबरवतात. तुम्ही स्वतः आधी खेळून पाहा, शक्यतो दिवसा. भाचीला त्याऐवजी 'ग्रिस' द्या: बार्सिलोनाच्या स्टुडिओचा, जलरंगातल्या चित्रांसारखा, ज्यात हरण्याची भीतीच नाही. साध्या लॅपटॉपवर चालतो आणि सवलतीच्या दिवसांत अगदी स्वस्तात मिळतो.