भाकीत, अंदाज की आणखी काही?

माटुंगा_रोड: मोठ्या वयात कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकण्याचं यंत्र) बसवणाऱ्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. ऑपरेशननंतर किती ऐकू येईल हे आधी सांगता येतं का, असा एक भाग आहे, तिथे मी 'भाकीत' लिहिलं. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) म्हणाल्या बदला, पेशंट त्यावर अडून बसतात. काय लिहू?

गिरगावकर: भाकीत नकोच. भाक म्हणजे वचन, करुणा भाकणे त्यातलंच असणार. आमच्या मामींना कोणीतरी सांगितलं फोनवर बोलाल, ते त्यांनी वचनच धरलं. कान कित्येक वर्षं ठार बंद होता, ऑपरेशननंतर यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर सगळ्यांचे आवाज यंत्रातून आल्यासारखे, मामी रडायलाच लागल्या. बरेच महिने मॅपिंग (यंत्र त्या माणसाच्या कानाला जुळवून घेणं) आणि ऐकायचा सराव केल्यावर आता समोर बसून बोललं की नीट कळतं, फोन अजून नाही जमत.

जुनी_पोथी: आयुर्वेदात नेमका शब्द आहे, साध्यासाध्यता, म्हणजे रोग बरा होण्याजोगा आहे की नाही. आपला शब्द असताना फारसी 'अंदाज' कशाला?

दादर_पश्चिम: काका, त्यातलं 'असाध्य' वाचून माणूस ऑपरेशनलाच नाही म्हणेल. गोलंदाज, तीरंदाज मधला अंदाज तोच, फारसीत फेकणे, आणि तो आपण कधीच आपला केलाय. शिवाय इथे खरंच अंदाजच आहे हो. २०१३ च्या अभ्यासात २,२५१ प्रौढ होते, बहिरेपण किती वर्षांचं, कशामुळे आलं, कुठल्या वयात आलं, इम्प्लांट किती काळ वापरलं हे सगळं धरूनसुद्धा बोलणं कळण्यातला माणसामाणसातला फरक जेमतेम १० टक्के उलगडला. इम्प्लांटचे इलेक्ट्रोड (नसेला विजेचे संकेत देणारी टोकं) आत नेमके कुठे बसले, श्रवणाची नस किती शाबूत आहे, याचाही फरक पडतो. इतक्या थोड्या माहितीवर भाकीत कसं करणार?

जुनी_पोथी: मग होरा म्हणा.

दादर_पश्चिम: तो तर ग्रीक!

माटुंगा_रोड: पण 'किती ऐकू येईल' हेच चुकतंय असं आता वाटतंय. आवाज कानावर पडणं वेगळं आणि शब्द उमगणं वेगळं, मामींच्या बाबतीत तेच झालं ना. शांत खोलीत वाक्यं बरोबर सांगणारा माणूस दादर स्टेशनवर गडबडतो.

हार्बर_लाइन: मी स्वतः इम्प्लांटवाला. ताई, 'उमगणं' घ्याच. आणि 'बहिरा' काढू नका प्लीज, 'कमी ऐकू येतं' म्हटलं की लोक कानाशी येऊन ओरडतात, त्याने मला काही जास्त कळत नाही, समोर बघून सावकाश बोललेलं कळतं.

गिरगावकर: पण पत्रकात 'बहिरा' बरं दिसत नाही, मामींना लागेल. 'कर्णबधिर' लिहा.

जुनी_पोथी: बधिर संस्कृत, बहिरा त्याचंच प्राकृतातून आलेलं रूप. मग एक सभ्य आणि दुसरा लागणारा कसा?

हार्बर_लाइन: मला तर 'बधिर'च जास्त लागतो. दाढ काढताना हिरडी बधिर करतात, मी तसा नाही.