स्वयंनिर्णय कोणाचा? आफ्रिकी ऐक्याची तत्त्वे आणि वसाहतींनी आखलेल्या सीमा

अनघा यांचा प्रश्न

डिसेंबर १९५८ मध्ये अक्रा येथे भरलेल्या अखिल आफ्रिकी जनपरिषदेने साम्राज्यवादी सत्तांनी आखलेल्या कृत्रिम सीमांचा निषेध केला होता आणि विशेषतः एकाच समाजाचे तुकडे करणाऱ्या सीमा लवकरात लवकर रद्द कराव्यात किंवा बदलाव्यात, अशी मागणी केली होती. त्यानंतर सहा वर्षेही उलटली नव्हती, तोच जुलै १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या राष्ट्रप्रमुखांनी नेमका उलटा ठराव केला. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा ज्या सीमा अस्तित्वात होत्या, त्या सर्व सदस्य राष्ट्रांनी मानाव्यात, असे त्यात ठरले. या दोन्हींच्या मध्ये, २५ मे १९६३ रोजी, अदिस अबाबा येथे संघटनेची सनद स्वीकारली गेली. तिच्या प्रास्ताविकात आपले भवितव्य आपणच ठरवण्याचा हक्क कोणाकडूनही हिरावून घेता येणार नाही असे म्हटले आहे आणि तिसऱ्या कलमात मात्र प्रत्येक राष्ट्राची प्रादेशिक अखंडता व अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे ही तत्त्वे घातली आहेत.

हा बदल निव्वळ सत्तेवर आलेल्यांच्या सोयीचा होता, की त्यामागे काही विचार होता? दुसरे असे की, आपल्याकडे इंग्रजांनी आखलेले प्रांत मोडून भाषावार राज्ये केली गेली, १९६० साली द्वैभाषिक मुंबई राज्यातून महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, आणि त्यामुळे देश काही फुटला नाही. मग आफ्रिकेतील नेत्यांना तसे का जमले नाही? बर्लिनच्या परिषदेत नकाशावर रेघा मारल्या गेल्या, हे उत्तर मला ठाऊक आहे. त्याच्या पुढे कोणी नेले तर आभारी राहीन.

माधव ग. यांचे उत्तर

अनघाताई, बर्लिनचे आधी बाजूला ठेवू, कारण तिथे जेवढे घडले असे सांगितले जाते तेवढे घडलेच नव्हते. १८८४-८५ च्या त्या परिषदेत मुख्यतः कांगो व नायजर नद्यांवरील व्यापार आणि किनाऱ्यावर ताबा सांगण्याचे नियम यांची चर्चा झाली. प्रत्यक्ष सीमा पुढची वीस-पंचवीस वर्षे दोन-दोन सत्तांमधील करारांनी ठरत गेल्या. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की, या सीमा मुळात कोणत्याही एका तत्त्वावर आखलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्या सुधारायच्या ठरवल्या असत्या, तर कोणत्या तत्त्वावर सुधारायच्या यावरही एकमत होण्यासारखे नव्हते.

आता १९५८ आणि १९६४ यांतील फरक. अक्र्याच्या परिषदेत सरकारे नव्हती, पक्ष, कामगार संघटना आणि स्वातंत्र्यचळवळी होत्या. कैरोत बसले होते ते राष्ट्रप्रमुख. मात्र केवळ खुर्ची मिळाली म्हणून माणसे बदलली, एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण मधल्या सहा वर्षांत बरेच काही घडले होते.

सर्वांत मोठा धक्का कटांगाचा होता. कांगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि दोन आठवड्यांच्या आत मोईस चोंबे यांनी तांब्याच्या खाणींनी समृद्ध असलेला कटांगा प्रांत स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. त्यामागे बेल्जियमचे सैनिक व अधिकारी होते आणि खाणकंपनीचा पैसा होता. जानेवारी १९६१ मध्ये कांगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांची हत्या त्याच कटांगात झाली. स्वयंनिर्णयाचे नाव घेऊन जुना मालक मागच्या दाराने परत येऊ शकतो, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते आणि त्यानंतर फुटून निघण्याची कोणतीही मागणी संशयाशिवाय ऐकली गेली नाही.

दुसरे कारण शेजाऱ्यांच्या भांडणांचे. घाना आणि टोगो यांच्या सीमेने एवे समाज दोन्हीकडे वाटला गेला होता आणि घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांना टोगो घानात यावा असे उघडपणे वाटत होते. जानेवारी १९६३ मध्ये टोगोचे अध्यक्ष सिल्वानस ऑलिम्पियो यांची हत्या झाली, तेव्हा पश्चिम आफ्रिकेत अनेकांचे बोट घानाकडे गेले. हा संशय खरा होता की खोटा, हा वेगळा विषय. पण चारच महिन्यांनी लिहिलेल्या सनदेत राजकीय हत्या आणि शेजारी राष्ट्रांतील घातपाती कारवाया यांचा निःसंदिग्ध निषेध करणारे तत्त्व आले, त्याची पार्श्वभूमी ही होती. ऑक्टोबर १९६३ मध्ये तर मोरोक्को आणि अल्जीरिया सीमेवरून प्रत्यक्ष लढले. सनदेची शाई वाळायच्या आत दोन सदस्य एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

कैरोचा ठराव टांझानियाचे नेते जुलियस न्येरेरे यांच्या पुढाकाराने आला. ठरावाच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद मला आजही खोडून काढण्यास कठीण वाटतो. एक सीमा हलवली तर दुसरी न हलवण्याचे कारण देता येत नाही, आणि जवळपास प्रत्येक सीमेवर असा कोणता ना कोणता दुभंगलेला समाज आहे. मोरोक्को आणि सोमालिया या दोघांनी हा ठराव मानला नाही, हेही नोंदवले पाहिजे. सोमालियाच्या ध्वजावरील ताऱ्याची पाच टोके म्हणजे सोमाली लोक राहतात ते पाच प्रदेश, आणि त्यांतील दोनच प्रदेश १९६० साली त्या राष्ट्रात आले होते. उरलेल्या तिघांपैकी एक केनियात, एक इथिओपियात आणि एक फ्रान्सच्या ताब्यात होता. सोमालियाच्या दृष्टीने पाहिले तर कैरोच्या ठरावाने अन्याय कायम केला. इथिओपियातील त्या प्रदेशासाठी, म्हणजे ओगाडेनसाठी, १९७७-७८ मध्ये झालेल्या युद्धाचे मूळ इथेच आहे.

एन्क्रुमांचा मार्ग अर्थातच निराळा होता. त्यांच्या मते सीमा बदलायच्या नव्हत्या, त्या निरर्थक करायच्या होत्या: खंडाचे एक संघराज्य, एक संरक्षणव्यवस्था, एक चलन. घानाच्या १९६० च्या राज्यघटनेत तर आफ्रिकी राष्ट्रांच्या संघासाठी देशाचे सार्वभौमत्व पूर्णतः किंवा अंशतः सोडून देण्याचा अधिकार संसदेला दिला होता. अशी तरतूद आज सेनेगलसारख्या काही आफ्रिकी राष्ट्रांच्या राज्यघटनांतही सापडते. पण अदिस अबाबात त्यांच्या मागे फारसे कोणी उभे राहिले नाही; न्येरेरे आधी प्रादेशिक संघ करावेत असे म्हणत होते आणि नायजेरियाचे पंतप्रधान बालेवा यांना एवढी घाई मान्य नव्हती. खंडाचे ऐक्य लांबणीवर पडले, आणि ते येईपर्यंत म्हणून केलेली सीमांची तात्पुरती सोय कायमची होऊन बसली.

शलाका यांचे उत्तर

माधवरावांच्या उत्तराला कायद्याची एक बाजू जोडते. स्वयंनिर्णय आणि अखंडता यांतील ताण आफ्रिकेने निर्माण केलेला नाही. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतमुक्तीचा जो प्रसिद्ध ठराव (क्रमांक १५१४) केला, त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात सर्व जनसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क दिला आहे आणि सहाव्या परिच्छेदात कोणत्याही देशाची प्रादेशिक अखंडता मोडण्याचा प्रयत्न संयुक्त राष्ट्रांच्या सनदेशी विसंगत ठरवला आहे. दोन्ही एकत्र वाचायचे असतील, तर स्वयंनिर्णय करणारा घटक म्हणजे वसाहत, तिच्या आतला किंवा तिच्या सीमेवर वाटला गेलेला समाज नव्हे, असाच अर्थ निघतो.

हा अर्थ ध्यानात घेतला की पुढची बरीच प्रकरणे उलगडतात. एरिट्रिया १९९३ साली इथिओपियापासून स्वतंत्र झाला, पण तो पूर्वी इटलीची वेगळी वसाहत होता. सोमालीलँड १९९१ पासून वेगळे असल्याचा दावा करतो, तेव्हा तो ब्रिटिश वसाहतीच्या सीमांचाच आधार घेतो; २६ जून १९६० रोजी स्वतंत्र होऊन पाचच दिवसांनी तो सोमालियात विलीन झाला होता. तरीही आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघाने त्याला सदस्यत्व दिलेले नाही. खरा अपवाद दक्षिण सुदानचा आहे, पण तिथे २००५ च्या शांतता कराराने खार्टूमच्या सरकारनेच सार्वमताला संमती दिली होती आणि जानेवारी २०११ च्या मतदानात सुमारे ९९ टक्के लोकांनी वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर १९८६ मध्ये बुर्किना फासो आणि माली यांच्या सीमावादाचा निकाल देताना ही विसंगती उघडपणे मान्य केली आहे. वसाहतीच्या सीमा टिकवणे हे स्वयंनिर्णयाच्या विरोधात जाते असे प्रथमदर्शनी दिसते, पण मोठ्या कष्टाने मिळवलेले स्वातंत्र्य टिकवण्यासाठी आफ्रिकी राष्ट्रांनी समजून-उमजून हा मार्ग निवडला, असा त्या निकालाचा आशय आहे.

अनघा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पण मग नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचे काय? कैरोचा ठराव ज्या न्येरेरे यांनी मांडला, त्यांच्याच टांझानियाने एप्रिल १९६८ मध्ये बियाफ्राला सर्वांत आधी मान्यता दिली. नियम करणाऱ्यानेच तो चार वर्षांत मोडला, असे म्हणायचे का?

रघुनाथ दे. यांचे उत्तर

अनघाताई, मला वाटते या चर्चेतला हाच सर्वांत मोलाचा प्रश्न आहे आणि माधवरावांपेक्षा माझे मत थोडे वेगळे आहे. न्येरेरे यांनी सीमांचा नियम मोडला असे मला वाटत नाही. त्या नियमाला एक अट आहे, असे ते सांगत होते. १९६६ साली उत्तर नायजेरियात इग्बो लोकांच्या कत्तली झाल्या, हजारो मारले गेले आणि उरलेले जीव वाचवण्यासाठी पूर्वेकडे पळाले. राज्यसंस्था लोकांच्या संरक्षणासाठी असते, आणि एखाद्या समाजाला ती आपली वाटेनाशी झाली तर बंदुकीच्या जोरावर टिकवलेल्या ऐक्याला अर्थ उरत नाही, ही टांझानियाची भूमिका होती. गॅबन, आयव्हरी कोस्ट आणि झांबिया यांनीही मान्यता दिली, बाकीच्या आफ्रिकी राष्ट्रांनी दिली नाही आणि जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा संपला.

अर्थात बियाफ्राच्या आतही इजाव, इबिबिओ यांसारखे इतर समाज होते आणि इग्बो नेतृत्वाखालील वेगळे राष्ट्र त्यांतल्या सर्वांनाच हवे होते असे नाही. तुम्ही भाषावार प्रांतरचनेचा दाखला दिलात, म्हणून एक गोष्ट सांगतो. मे १९६७ मध्ये, बियाफ्राची घोषणा होण्याच्या काही दिवस आधी, लष्करी शासक याकुबू गोवन यांनी नायजेरियाचे चार विभाग मोडून बारा राज्ये केली. आज ती छत्तीस आहेत. म्हणजे देशाच्या आतल्या सीमा बदलण्याचा मार्ग तिथेही वापरला गेला, फक्त तो घटनात्मक वाटाघाटींतून नव्हे, तर युद्धाच्या उंबरठ्यावर आणि लष्करी हुकमाने. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत १०६ माणसे गेली हे खरे, पण शेवटी निर्णय संसदेच्या कायद्याने झाला आणि राज्य देशाच्या आतच होते. इथिओपियाने तर १९९५ च्या राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात प्रत्येक राष्ट्रसमूहाला फुटून निघण्याचाही हक्क लिहून दिला आहे. ज्या शहरात अखंडतेची सनद स्वीकारली गेली, त्याच शहरातून राज्य करणाऱ्या देशाची ही घटना आहे, आणि तिथल्याच टिग्रे प्रांतात २०२० ते २०२२ या काळात झालेले युद्ध तिला टाळता आले नाही.

माझ्या मते आफ्रिकी ऐक्य संघटनेचे खरे अपयश सीमांच्या तत्त्वात नव्हते, ढवळाढवळ न करण्याच्या तत्त्वात होते. हुकूमशहा इदी अमीन युगांडात स्वतःच्याच लोकांना मारत असताना १९७५ साली संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कंपालाच्या त्या बैठकीवर टांझानियाने बहिष्कार घातला. पुढे अमीन यांनी टांझानियावर आक्रमण केले, टांझानियाच्या सैन्याने एप्रिल १९७९ मध्ये त्यांना पदच्युत केले, आणि त्याच वर्षी मन्रोव्हियाच्या बैठकीत काही राष्ट्रप्रमुखांनी टीका कोणावर केली, तर न्येरेरे यांच्यावर. रवांडात १९९४ साली जो वंशसंहार झाला त्यानंतर मात्र ही भूमिका टिकणे शक्य नव्हते. जुलै २००० मध्ये लोमे येथे स्वीकारलेल्या आफ्रिकी संघाच्या संस्थापन करारात चौथ्या कलमात सीमांचे तत्त्व तसेच राहिले, पण युद्धगुन्हे, वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असतील तर सदस्य राष्ट्रात हस्तक्षेप करण्याचा अधिकार संघाला देण्यात आला. इतका स्पष्ट अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतही नाही. तो वापरण्याची वेळ आली तेव्हा मात्र हात आखडला. डिसेंबर २०१५ मध्ये बुरुंडीसाठी पाच हजारांचे दल पाठवण्याचे संघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेने ठरवले, आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्रप्रमुखांनी ते बुरुंडीच्या संमतीशिवाय पाठवण्यास नकार दिला.

पेडणेकर यांचे उत्तर

मी गोव्याचा असल्यामुळे या विषयाकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. पोर्तुगालने १९५१ साली आपल्या वसाहतींचे नाव बदलून त्यांना सागरापारचे प्रांत केले, म्हणजे गोवा, अंगोला, मोझांबिक ही सारी पोर्तुगालच्या अखंडतेत बसली. एप्रिल १९६१ मध्ये कॅसाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील चळवळींची जी संयुक्त परिषद स्थापन झाली, तिच्यात आफ्रिकी संघटनांबरोबर गोव्यातील संघटनाही होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त होत असताना सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध जो ठराव आला, त्याच्या विरोधात सोव्हिएत रशिया आणि सिलोन यांच्याबरोबर लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे तेव्हाचा इजिप्त, यांनी मत दिले.

म्हणूनच पश्चिम सहाराचे प्रकरण मला या तत्त्वांची सर्वांत कठीण परीक्षा वाटते. मोरोक्कोचे म्हणणे असे की, हा आमचाच भाग होता, स्पेनने तोडला होता, तो परत आला. ऐकायला हे गोव्यासारखे वाटते. पण ऑक्टोबर १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या मतानुसार काही टोळ्यांचे सुलतानाशी निष्ठेचे संबंध असले, तरी तेथील लोकांचा स्वयंनिर्णय बाजूला सारता येईल असे सार्वभौमत्वाचे नाते सिद्ध होत नाही. आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९८२ मध्ये, तेथील स्वातंत्र्यवाद्यांनी जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला सदस्यत्व दिले आणि १९८४ मध्ये त्याचे प्रतिनिधी बैठकीत बसले, तेव्हा मोरोक्को बाहेर पडला. जानेवारी २०१७ मध्ये तो आफ्रिकी संघात आला, पण सहरावी प्रजासत्ताक बाहेर गेले नाही, त्यामुळे एकाच भूमीवर हक्क सांगणारे दोन सदस्य आज एका सभागृहात बसतात. १९९१ साली ठरलेले सार्वमत अद्याप झालेले नाही. भारताने त्या प्रजासत्ताकाला १९८५ मध्ये मान्यता दिली होती आणि २००० मध्ये ती काढून घेतली. त्या निर्णयाच्या वेळी आपल्या संसदेत काय चर्चा झाली, हे कोणी जुनी कार्यवृत्ते पाहून इथे लिहिले तर वाचायला आवडेल.