रात्री गाडीत झोपलायत का कधी? अनुभव लिहा

मागच्या महिन्यात सोलापूरहून पुण्याला येत होतो. रात्रीचे पावणेतीन, बायको आणि लेक मागे गाढ झोपलेल्या, आणि माझे डोळे मिटायला लागले. पेट्रोल पंपाच्या कडेला मोकळी जागा दिसली, तिथे गाडी लावून सीट पाडली. अर्ध्या तासात काचेवर काठीची टकटक. गस्तीवरचे पोलीस. "इथं झोपायचं नाही, गाडी काढा." लायसन्स दाखवलं, झोप अनावर झालीय म्हणून सांगितलं, तरी काढायला लावलीच. पुढचे 20 किलोमीटर कसे गेले ते माझं मला माहीत.

घरी येऊन मोटार वाहन कायदा, 1988 वाचून काढला. गाडीत झोपू नये असं कलम त्यात नाही. कायदा बघतो ते गाडी कुठे उभी आहे एवढंच. कलम 122 म्हणतं, इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी सार्वजनिक जागी ठेवायची नाही. कलम 127 प्रमाणे, पार्किंगला बंदी असलेल्या जागी उभी असलेली किंवा सार्वजनिक जागी 10 तास किंवा जास्त बेवारस, कोणी नसताना सोडलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात. पंपाची जागा मात्र पंपवाल्याची. त्याला विचारायला हवं होतं, मी विचारलं नव्हतं, ती चूक माझी. पण झोपाळलेल्या माणसाला पुन्हा स्टिअरिंगवर बसवणं मला अजून पटत नाही. तुमच्यावर अशी वेळ आली होती का?

टूरवाला: दादा, तुमची एक रात्र, माझी 19 वर्षं. पार्टीला हॉटेलवर सोडलं की ड्रायव्हर कुठे झोपणार हे विचारणारे फार थोडे. गाडीत झोपेल की, हे धरूनच चालतात. मधली सीट पाडायची, टॉवेलची गुंडाळी उशाला. काच पूर्ण लावली तर जीव घुसमटतो, उघडली तर डास, म्हणून दोन बोटं फट ठेवून तिथे पातळ पंचा अडकवायचा. पहाटे काचांना आतून पाणी सुटतं, ते पुसल्याशिवाय पुढचं दिसत नाही. हॉटेलच्या पार्किंगमधून वॉचमन उठवतो, मालक ओरडतात म्हणतो. त्याचंही पोट आहे, त्याला काय बोलणार. मग रस्त्यावर यायचं, तिथून पोलीस हलवतात. सकाळी 6 ला पार्टी तयार, समोर घाट. झोप झाली का, हे 19 वर्षांत मोजक्या लोकांनी विचारलं. एका आजींनी विचारलं होतं आणि स्वतःची शाल दिली होती. ती अजून गाडीत आहे.

कलमकसाई: टूरवाला, तुमचं वाचून राहवलं नाही. संसदेनं 1961 मध्ये मोटार वाहतूक कामगार कायदा केला, तेव्हाच त्यात लिहिलं होतं की कामगारांना रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकानं विश्रांतीची खोली द्यावी. पण 2025 मध्ये रद्द होईपर्यंत तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांसाठीच होता. एका गाडीचा एक ड्रायव्हर त्यात कुठेच बसत नव्हता.

ऑकलंडकर: इथे न्यूझीलंडमध्ये फ्रीडम कॅम्पिंग ॲक्ट, 2011 आहे. नको तिथे गाडीत मुक्काम केला तर दंड होतो. पण थकवा आला म्हणून रस्त्याकडेला गाडीत झोपणं हे कॅम्पिंग धरायचं नाही, असं त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय. नवीन आलो तेव्हा एका रात्री असाच झोपलो होतो, कोणी उठवलं नाही. सोलापूर रस्त्यावर हेच एक वाक्य हवं होतं.

लंडनची मावशी: एक सावधगिरी. इथे दारू पिऊन नुसतं गाडीत झोपलं तरी केस होऊ शकते. गाडी "ताब्यात" असणं पुरतं, चालवण्याची शक्यता नव्हती हे आपण सिद्ध करायचं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ला दारू पिऊन चालवणं किंवा चालवायचा प्रयत्न लागतो.

परिचारिका: कायद्याआधी हे वाचा. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे झोपेत गेले, जनरेटरचा वायू आत आला होता. घरच्या माणसासारखं सांगते, इंजिन बंदच ठेवा आणि काच थोडी उघडी.

विदर्भकन्या: समृद्धीच्या 701 किलोमीटरवर सरळ रस्ता बघून झोप येतेच. मी एकटी असते. लेनच्या कडेला मी कधीच थांबत नाही, मागून येणारा ट्रक आपल्याला बघेलच असं नाही. पंपावर जाते, कॅमेऱ्याखाली गाडी लावते, आधी आत जाऊन सांगते, "दादा, एक तास झोपते." आजवर कोणी नाही म्हटलं नाही.

धागाकर्ता: टूरवाला, पुढच्या महिन्यात आम्ही गाडी करून गणपतीपुळ्याला चाललोय. हॉटेलला फोन केला, ड्रायव्हरसाठी खोली नाही म्हणाले. बुकिंग काढून घेतलं. दुसऱ्या ठिकाणी 400 रुपये जास्त देऊन मिळाली, पंखा आणि मच्छरदाणी आहे असं विचारून घेतलंय.