कुरणातलं नत्र वाहून जातं ते युरियामुळे की गाईमुळे?

रानगवत: मी मूळचा सातारचा, सध्या न्यूझीलंडच्या कँटरबरीत एका डेअरीवर दूध काढतो. इथे १ जुलै २०२१ पासून चराऊ कुरणाला वर्षाला हेक्टरी १९० किलोपेक्षा जास्त कृत्रिम नत्र घालता येत नाही. ठीक आहे, पण माझ्या मते नेम चुकलाय. गाय मुतते तेवढ्या तुकड्यावर हेक्टरी ७०० किलो किंवा त्याहूनही जास्त या हिशेबाने नत्र पडतं. गवताला तेवढं घेववत नाही. उरलेल्याचं नायट्रेट होतं आणि हिवाळी पावसात, म्हणजे इकडच्या जून-ऑगस्टमध्ये, मुळांखाली उतरतं. आमच्याकडे गोट्यांवर वीतभर माती, पाणी थांबतंय कुठे! त्यापेक्षा कुरणात प्लॅन्टेन पेरा. (केळ्याचा प्रकार नव्हे, इसबगोलाचं भावंड.) ते खाल्लं की गाय जास्त वेळा आणि पातळ मुतते, एका जागी पडणारं नत्र कमी होतं.

नाकासमोर: युरियाला इतकं सहज सोडू नका. युरिया टाकला की गवत वाढतं, गवत वाढलं की गाई वाढतात. गवतात प्रथिनं जास्त झाली की गाय जादाचं नत्र मुतूनच टाकते. मूत गाईचं, नत्र पोत्यातलं. मला तर १९० सुद्धा सैल वाटतं.

रानगवत: सगळं पोत्यातलं नाही हो. कुरणातली पांढरी क्लोव्हर (शेंगवर्गातला चारा) हवेतलं नत्र ओढतेच की.

मुरघासवाला: एवढा खल कशाला? गोठा बांधा. मक्याच्या मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या चाऱ्यात) प्रथिनं कमी, म्हणजे मुतातलं नत्रही कमी. शेणमूत टाकीत साठवा, गवत वाढीला लागलं की सोडा.

नाकासमोर: आणि गोठ्यात डोळे चुरचुरतात ते कशाने? अमोनिया! तेही नत्रच, खाली न जाता वर गेलं इतकंच.

मुरघासवाला: बारमाही कोण म्हणतंय? ओले दोन-तीन महिने तेवढे.

निंबोळी: आपल्याकडे २०१५ पासून देशी युरिया कडुलिंबाचं तेल लावूनच येतो, नायट्रेट सावकाश होतं. तसंच काही कुरणावर फवारा की.

रानगवत: फवारत होते! डीसीडी, नायट्रेट होणं लांबवणारं रसायन. इथल्या लिंकन विद्यापीठात त्यावर बरंच काम झालं. पण दुधात त्याचा अंश सापडला आणि जानेवारी २०१३ मध्ये विक्री थांबली. अंश अगदी थोडा होता, पण गिऱ्हाइकाला एकदा शंका आली की संपलं.

नाकासमोर: म्हणजे फिरून गाई कमी करण्यावरच आलो. न्यूझीलंडच्याच टाऊपो सरोवराभोवती नत्राला कमाल मर्यादा घातली, शेतकऱ्यांना आपापसात वाटे विकायची मुभा दिली आणि २० टक्के कपात सरकारी पैशातून विकत घेतली. तुमचं प्लॅन्टेन दोन-तीन वर्षांत विरळ होतं.

रानगवत: होतं, मान्य. खतात बी मिसळून पुन्हा फेकावं लागतं. पण टाऊपोकडे बहुतेक मेंढ्या आणि मांसाची गुरं. इथे गाईगणिक बँकेचं कर्ज आहे राव. गाई विकल्या तर हप्ता कोण भरणार?

नाकासमोर: मग खालच्या अंगाला ज्याची विहीर आहे त्याने भरायचा का? पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नत्राची (नायट्रेटमधलं फक्त नत्र मोजून) मर्यादा लिटरला ११.३ मिलिग्रॅम आहे. तुमच्या बोअरचं पाणी कधी तपासलंय?

रानगवत: मालकाने तपासलंय. आकडा मला सांगितला नाही.